परगावच्या मुक्कामात लॅपटॉप, फोन आणि ओळखपत्रं कशी सांभाळायची

एप्रिल उजाडला की सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करणारी मुलंमुली बँकांच्या शाखांचं ऑडिट करायला तालुक्याच्या गावांना निघतात. वय वीस-बावीस, पाठीवर ऑफिसचा लॅपटॉप, त्यात कर्जदारांच्या याद्या, पॅन नंबर, खात्यांचे उतारे. मुक्काम एसटी स्टँडजवळच्या एखाद्या लॉजवर. औषध कंपनीचे एमआर, विम्याचे सर्व्हेअर, मशीन बसवायला जाणारे सर्व्हिस इंजिनिअर यांचंही तसंच. कामाचं प्रशिक्षण सगळ्यांना मिळतं. पण संध्याकाळी जेवायला खाली उतरताना लॅपटॉपचं काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. हा लेख पहिल्यांदाच अशा कामासाठी बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. हॉटेलमध्ये माहिती चोरीला जाते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वायफायवर टपून बसलेला हॅकर येतो. तसं घडतं, पण आपल्याकडच्या साध्या मुक्कामात माहिती जास्त करून काउंटरवरून बाहेर जाते: झेरॉक्समधून, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या आधारच्या फोटोतून, रात्री आलेल्या फोनवर सांगून टाकलेल्या ओटीपीतून. दुसरं म्हणजे खोली तुमच्या नावावर असली तरी तिची किल्ली इतरांकडेही असते. त्यामुळे मुक्कामातल्या सुरक्षिततेचं निम्म्याहून जास्त काम घरून निघण्याआधीच करावं लागतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी

पहिलं काम, सोबतची माहिती कमी करा. तीन शाखांचं काम असेल तर तीनच शाखांच्या फाइल बरोबर घ्या. मागच्या वर्षीची फोल्डर, घरच्यांच्या पासपोर्टचे स्कॅन, पगाराच्या स्लिपा, 'पासवर्ड' नावाची एक्सेल फाइल, हे सगळं लॅपटॉपवरून काढून ऑफिसच्या सर्व्हरवर किंवा घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. जे सोबत नाही ते हरवत नाही. बाकीचे सगळे उपाय यानंतरचे.

दुसरं काम, डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी सांकेतिक, आहे का ते बघा. लॅपटॉपला नुसता पासवर्ड असून भागत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फाइल सरळ वाचता येतात. एन्क्रिप्शन असेल तर त्याच डिस्कवर निरर्थक अक्षरं दिसतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत यासाठी बिटलॉकर असतं, होम आवृत्तीत बऱ्याच नव्या मशीनवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं, मॅकवर फाइलव्हॉल्ट. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू असल्याची खात्री करा. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कुठे आहे तेही आत्ताच बघा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते किंवा ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे असते. परगावी अचानक निळी स्क्रीन येऊन मशीन ती की मागायला लागलं, की रात्री अकरा वाजता फोन कुणाला करायचा, हे माहीत असलेलं बरं. की लिहिलेला कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका.

अपडेट घरच्या इंटरनेटवर पूर्ण करून घ्या. का, ते वायफायच्या भागात कळेल. बॅकअपही घ्या, म्हणजे मशीन गेलं तरी काम जात नाही.

फोनकडे याहूनही जास्त लक्ष द्या, कारण आज बँक, यूपीआय, मेल, ऑफिसचं लॉगिन सगळं फोनमधून जातं. चार अंकी पिनऐवजी निदान सहा अंकी ठेवा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर फोन न उघडताही ओटीपी वाचता येतो. सिमला पिन लावा. कारण सोपं आहे: चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि तुमचे ओटीपी तिकडे जायला लागतात. हे सेटिंग 'सिम लॉक' या नावाने सापडतं. मूळचा पिन काय आहे ते तुमच्या मोबाइल कंपनीला विचारूनच लावा. तीनदा चुकलं की सिम पीयूके (अडकलेलं सिम उघडण्याचा) कोड मागतं आणि मग गॅलरीच्या चकरा वाढतात.

ॲन्ड्रॉइडवर 'थेफ्ट प्रोटेक्शन' चालू करा. कुणी फोन हातातून हिसकावून पळाला तर स्क्रीन आपोआप लॉक होते. आयफोनवर जानेवारी २०२४ पासून 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आलं आहे. ते चालू असेल तर अनोळखी जागी कुणाला तुमचा पासकोड कळला तरी चेहरा किंवा बोट दाखवल्याशिवाय ॲपल खात्याचा पासवर्ड बदलता येत नाही, आणि त्यानंतरही तासभर थांबावं लागतं. हरवलेला फोन शोधणारी ॲपलची 'फाइंड माय' किंवा गूगलची तशीच सोय चालू ठेवा आणि तिच्यात लॉगिन कसं करायचं ते एकदा दुसऱ्या मशीनवरून करून बघा.

शेवटी एका कागदावर चार गोष्टी लिहा: फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक (*#०६# डायल केलं की दिसतो), लॅपटॉपचा सीरियल नंबर, ऑफिसच्या आयटी माणसाचा नंबर, बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर. हा कागद पाकिटात ठेवा आणि त्याची एक प्रत घरी द्या. फोन गेल्यावर फोनमधले नंबर उपयोगाला येत नाहीत.

बुकिंग करताना

हॉटेलचा नंबर शोधताना सर्च इंजिनवर वर दिसणाऱ्या पहिल्याच नंबरावर विश्वास ठेवू नका. हुबेहूब वेबसाइट बनवून मुक्कामाचे पैसे घेण्याचे प्रकार इतके वाढले, की केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आयफोरसी या सायबर विभागाने एप्रिल २०२५ मध्ये केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामचे गेस्ट हाउस आणि सोमनाथच्या निवासाच्या खोट्या बुकिंगबद्दल उघड इशारा दिला होता. देवस्थानाचं भक्तनिवास असेल तर संस्थानाच्या मूळ वेबसाइटवरूनच बुकिंग करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या क्यूआर कोडवर सगळी रक्कम आधी भरू नका. आणि 'रिफंड देतो, पिन टाका' असं कुणी म्हणालं तर तिथेच संभाषण संपवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

काउंटरवर: सगळ्यात जास्त सांभाळायची जागा

पाहुण्याची ओळख तपासून नोंद ठेवणं हॉटेलला भाग आहे. पोलिसांची तपासणी होते, रजिस्टर बघितलं जातं. अमेरिकेहून पुण्याला आलेले तुमचे मामा परदेशी पासपोर्टवर आले असतील तर त्यांची माहिती हॉटेलला २४ तासांत सरकारी पोर्टलवर भरावी लागते. म्हणजे ओळखपत्र मागितलं म्हणून काउंटरवरच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो त्याचं काम करतो आहे. आपल्या हातात असतं ते एवढंच, की कोणतं ओळखपत्र द्यायचं आणि कोणत्या स्वरूपात.

सवयीने सगळे आधार पुढे करतात. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र असेल तर ते द्या. त्यावर पत्ता असतो, त्यामुळे चालतं. पॅन कार्डवर पत्ता नसतो म्हणून बहुतेक ठिकाणी ते घेत नाहीत, आणि तुम्हीही देऊ नका, कारण आर्थिक फसवणुकीत पॅनचा उपयोग थेट होतो. आधारच द्यायचं झालं तर मास्क्ड आधार द्या. यात १२ पैकी पहिले ८ अंक झाकलेले असतात, फक्त शेवटचे ४ दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या माय आधार वेबसाइटवरून ते मोफत डाउनलोड होतं. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. हा पासवर्ड कुणालाही ओळखता येईल असा आहे, त्यामुळे ती पीडीएफ सुरक्षित आहे असं समजून मित्रमंडळींच्या ग्रुपवर टाकू नका. घरूनच दोन प्रिंट काढून न्या, म्हणजे काउंटरवर फोन पुढे करायची वेळ येत नाही.

या बाबतीत मे २०२२ मध्ये बराच गोंधळ झाला होता. यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने एक पत्रक काढून आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, हॉटेल आणि चित्रपटगृहांना अशा प्रती ठेवण्याची परवानगी नाही, असं बजावलं. दोनच दिवसांत, २९ मे रोजी, सरकारने ते पत्रक मागे घेतलं आणि नेहमीची सावधगिरी बाळगा एवढंच सांगितलं. ते जुनं पत्रक अजून व्हॉट्सॲपवर फिरतं. ते दाखवून भांडू नका. मास्क्ड प्रत पुढे करा, बहुतेक वेळा कुणी हरकत घेत नाही.

झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त हॉटेल मुक्कामासाठी', हॉटेलचं नाव, तारीख, आणि मजकुरावरून जाईल अशी सही. फोटोवर किंवा नावावर नको, पण पुसून किंवा कापून काढता येणार नाही इतकी आत. अशा प्रतीवर सिम कार्ड किंवा कर्ज काढणं अवघड होतं. ओळखपत्र झेरॉक्सला नेलं असेल तर मूळ कार्ड परत हातात येईपर्यंत काउंटर सोडू नका. 'राहू द्या, सकाळी घेऊन जा' हे मान्य करू नका.

छोट्या लॉजवर हल्ली नवी पद्धत आहे: 'सर, आधारचा फोटो या नंबरवर टाका.' तो नंबर बहुतेक वेळा रिसेप्शनवरच्या मुलाचा स्वतःचा असतो. तो मुलगा प्रामाणिक असेलही, पण त्याच्या फोनच्या गॅलरीत शेकडो लोकांची आधार कार्डं जमलेली असतात आणि उद्या तो फोन विकला जातो किंवा हरवतो. पाठवलेला मेसेज तुम्ही नंतर पुसला तरी सेव्ह झालेला फोटो तिथेच राहतो. घरून आणलेली प्रिंट द्या. तेही नसेल तर मास्क्ड आधारच पाठवा.

मोठ्या साखळी हॉटेलात हा प्रश्न नाही असं समजू नका. मॅरियटने ३० नोव्हेंबर २०१८ रोजी जाहीर केलं, की त्यांनी विकत घेतलेल्या स्टारवुडच्या बुकिंग यंत्रणेत २०१४ पासून कुणीतरी शिरलेलं होतं. पुढे त्यांनीच दिलेल्या अंदाजानुसार जास्तीत जास्त सुमारे ३८ कोटी नोंदी बाहेर गेल्या आणि त्यात सुमारे साडेबावन्न लाख पासपोर्ट नंबर एन्क्रिप्ट न करता ठेवलेले होते. तुम्ही रात्रभर राहता, पण तुमचा कागद हॉटेलच्या यंत्रणेत वर्षानुवर्षं राहतो. लॉयल्टी कार्डाचा फॉर्म, लग्नाच्या वाढदिवसाची तारीख, आईचं नाव असली माहिती म्हणूनच भरू नका. मुक्कामाला ती लागत नाही.

काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला गेला आणि आजूबाजूला गर्दी असेल तर दुसरी खोली मागायला लाजू नका. आणि हो, चेक-इन उरकेपर्यंत लॅपटॉपची बॅग गाडीच्या मागच्या सीटवर ठेवू नका. काच फोडायला काही सेकंद लागतात.

खोलीत शिरल्यावर

बर्लिनमध्ये २००३ साली एका परिषदेला गेलेल्या सुरक्षा संशोधकाचा लॅपटॉप हॉटेलच्या खोलीतून गेला. दार फोडल्याची खूण नाही, कुलपाच्या नोंदीत कुणी आल्याचं दिसत नाही. हॉटेलने तक्रार फारशी मनावर घेतली नाही. त्याच्या ओळखीतल्या टोमी तुओमिनेन आणि टिमो हिर्वोनेन या दोन संशोधकांनी मात्र हा विषय वर्षानुवर्षं सोडला नाही. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं, की व्हिंगकार्ड व्हिजन जातीच्या, कार्डाने उघडणाऱ्या कुलपांच्या हॉटेलात कुठलंही एक जुनं, बाद झालेलं कार्ड हाती आलं तर त्यावरून अख्ख्या हॉटेलची मास्टर किल्ली बनवता येते. त्याआधी २०१२ मध्ये ओनिटी कंपनीची कुलपं खालच्या छिद्रातून उघडता येतात हे कोडी ब्रोशस या संशोधकाने जगापुढे मांडलं होतं. मार्च २०२४ मध्ये सॅफलॉक कुलपांची पाळी आली: १३१ देशांतली ३० लाखांहून अधिक दारं दोन बनावट कार्डं टेकवून उघडता येतात, असं संशोधकांनी जाहीर केलं. त्यात आतला इलेक्ट्रॉनिक बोल्टही मागे सरकत होता. दाराची साखळी मात्र सरकत नव्हती.

म्हणून आत आल्यावर पहिलं काम, कडी आणि साखळी लावा. साध्या लॉजवर उलट सोय असते: दाराला बाहेरून कडी-कोयंडा असेल तर स्वतःचं कुलूप नेऊन लावता येतं. मॅनेजरला सांगून लावा. खोली साफ करायची असेल तेव्हा तुम्ही असताना करून घ्या.

सफाईला येणाऱ्या लोकांबद्दल एक सांगायला हवं. काही हरवलं की सगळ्यात आधी संशय त्यांच्यावर जातो, आणि बऱ्याचदा वस्तू नंतर स्वतःच्याच बॅगेत सापडते. तोवर कुणाची तरी नोकरी गेलेली असते. मौल्यवान वस्तू उघड्यावर न ठेवणं हे आपल्यासाठी जितकं आहे तितकंच त्यांच्यासाठीही आहे.

खोलीतल्या तिजोरीचा कोड तुम्ही ठरवता, पण पाहुणा कोड विसरला तर उघडता यावी म्हणून हॉटेलकडे मास्टर कोड किंवा किल्ली असतेच. काही तिजोऱ्यांचा कारखान्यातून आलेला मास्टर कोड कुणी बदललेलाही नसतो. पासपोर्ट, जादा कार्ड, पेन ड्राइव्ह ठेवायला ती ठीक. लॅपटॉप बहुधा मावत नाही. तालुक्याच्या लॉजवर तर तिजोरी नसते, आणि कपाटाचं कुलूप मोडकं असतं. तिथे रेल्वेत बर्थखाली बॅग बांधायची साखळी उपयोगी पडते. बॅगेत लॅपटॉप घालून चेनला छोटं कुलूप लावा आणि बॅग पलंगाच्या लोखंडी चौकटीला किंवा खिडकीच्या गजाला बांधा. ठरवून आलेल्या चोराला ती अडवणार नाही. पण उघड्या दारातून डोकावून हाताला लागेल ते उचलणाऱ्याला नक्की अडवते, आणि प्रत्यक्षात असेच जास्त असतात.

लॅपटॉप मागे ठेवून जाताना नुसतं झाकण बंद करू नका, पूर्ण शटडाउन करा. मशीन झोपलेल्या अवस्थेत असतं तेव्हा एन्क्रिप्शनची किल्ली मेमरीत असते. बंद केल्यावर ती निघून जाते. फोन मागे ठेवावा लागला तर तोही बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर पिन टाकल्याशिवाय त्यातली माहिती खुली होत नाही.

बाहेर जाताना 'खोली साफ करा' ची पाटी लावली की खोली रिकामी आहे हे सगळ्या मजल्याला कळतं. 'त्रास देऊ नका' ची लावा, आत दिवा आणि टीव्ही चालू राहू द्या.

कागद विसरू नका. ऑडिटच्या वेळी काढलेल्या केवायसीच्या झेरॉक्स, चुकलेले प्रिंट, टेबलावरच्या हॉटेलच्या पॅडवर लिहिलेली आकडेमोड, हे खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. सगळं एका पाकिटात घालून ऑफिसला परत आणा आणि तिथल्या श्रेडरमध्ये टाका. खोली सहकाऱ्याबरोबर वाटून घेतली असेल तर आंघोळीला जातानाही स्क्रीन लॉक करा. हा अविश्वास नव्हे. क्लायंटची माहिती सांभाळण्याची जबाबदारी तुमच्या नावावर असते.

इंटरनेट: शक्यतो स्वतःचं

साधा नियम: रेंज असेल तर फोनच्या हॉटस्पॉटवर काम करा. आपल्याकडे मोबाइल डेटा स्वस्त आहे, आणि लॉजच्या वायफायपेक्षा बहुतेक वेळा जलदही. हॉटस्पॉटला लांब पासवर्ड द्या आणि त्याला स्वतःचं नाव देऊ नका.

रेंज नसलेल्या जागी हॉटेलचं वायफाय वापरावं लागतं. घाबरून जाण्याचं कारण नाही. आज बहुतेक वेबसाइट आणि ॲप एचटीटीपीएस (मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत) वापरतात, त्यामुळे वाटेत बसलेल्याला मजकूर वाचता येत नाही. धोका दुसरीकडे आहे. पहिला, खोटं नेटवर्क. हॉटेलच्याच नावाचं, मागे 'गेस्ट' किंवा 'फ्री' जोडलेलं नेटवर्क कुणीही आपल्या फोनवरून चालू करू शकतं. म्हणून नेमकं नाव काउंटरवर विचारा. दुसरा, जोडल्या जोडल्या काहीतरी डाउनलोड करायला सांगणारं पान. डार्कहोटेल नावाने ओळखली जाणारी टोळी हेच करायची. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये तिची पद्धत उघड केली: आशियातल्या महागड्या हॉटेलात उतरलेला कंपनीचा मोठा अधिकारी खोली नंबर आणि आडनाव टाकून वायफायला जोडला गेला, की त्याच्या स्क्रीनवर फ्लॅश किंवा तशाच ओळखीच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आल्याची सूचना येई. अपडेट म्हणून जे बसायचं ते हेरगिरीचं सॉफ्टवेअर असे. यासाठीच सगळी अपडेट घरी करून निघायचं. हॉटेलच्या वायफायवर आलेली कोणतीही अपडेटची सूचना स्वीकारू नका, कोणतंही सर्टिफिकेट बसवू नका, आणि ब्राउझरने 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा दिला तर पुढे जाऊ नका.

लॅपटॉपने नेटवर्कचा प्रकार विचारला तर 'पब्लिक' निवडा. त्याने फाइल शेअरिंग बंद होतं. ऑफिसने व्हीपीएन (इंटरनेटवरची सगळी ये-जा बंदिस्त मार्गाने नेणारी सोय) दिलं असेल तर ते चालू करूनच काम करा. मोफत व्हीपीएनची ॲप मात्र घेऊ नका, कारण तुमची सगळी ये-जा मग त्या अनोळखी कंपनीच्या हातून होते. बँकेचे व्यवहार वायफाय बंद करून मोबाइल डेटावर करा. काम झालं की नेटवर्क 'फर्गेट' करा, म्हणजे पुढे त्याच नावाच्या दुसऱ्या नेटवर्कला फोन आपोआप जोडला जाणार नाही.

टीव्ही, चार्जिंग, प्रिंट

खोलीतल्या स्मार्ट टीव्हीवर आपल्या खात्याने लॉगिन न करणंच बरं. आधीच्या पाहुण्याचं यूट्यूब खातं तसंच उघडं राहिलेलं अनेकांनी पाहिलं असेल. सामना मोठ्या पडद्यावर बघायचाच असेल तर स्वतःची एचडीएमआय केबल न्या. लॉगिन केलंच असेल तर चेक-आउटआधी टीव्हीवरून लॉगआउट करा आणि नंतर फोनवरून खात्याच्या डिव्हाइसच्या यादीत जाऊन तो टीव्ही काढून टाका.

चार्जिंगबद्दल इशारे पुष्कळ फिरतात. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या पुस्तिकेतही 'ज्यूस जॅकिंग'चा, म्हणजे चार्जिंगच्या यूएसबी खाचेतून माहिती चोरण्याचा, उल्लेख आहे. जितके इशारे दिसतात तितकी सिद्ध झालेली प्रकरणं दिसत नाहीत, पण उपाय इतका सोपा आहे की वाद कशाला? भिंतीतल्या यूएसबी खाचेऐवजी स्वतःचा ॲडॉप्टर साध्या सॉकेटला लावा. फोनने 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का' असं विचारलं तर नाही म्हणा.

प्रिंट काढताना जास्त जपा. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने जुलै २०१४ मध्ये हॉटेलांना कळवलं होतं, की डॅलस भागातल्या हॉटेलांच्या बिझनेस सेंटरमधल्या कॉम्प्युटरवर टाइप केलेलं सगळं टिपणारी सॉफ्टवेअर सापडली आहेत. रिसेप्शनच्या किंवा समोरच्या झेरॉक्स दुकानातल्या मशीनवर स्वतःच्या मेलचा पासवर्ड कधीही टाइप करू नका. एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर फक्त हवी ती फाइल न्या, आणि तो पेन ड्राइव्ह परत ऑफिसच्या लॅपटॉपला थेट लावू नका, आधी आयटीवाल्यांकडून तपासून घ्या. व्हॉट्सॲप वेब उघडावं लागलंच तर तिथून उठण्याआधी फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन ते मशीन काढा. डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधून फाइल पुसली जाताना तिथे उभे राहा. क्लायंटची गोपनीय यादी असेल तर बाहेर प्रिंट काढूच नका.

रात्रीचा फोन

खोलीतला फोन वाजतो. 'रिसेप्शनवरून बोलतोय, तुमचं कार्ड पेमेंट अडकलंय, नंबर परत सांगता का?' झोपेत माणूस सांगून टाकतो. बाहेरच्या कुणालाही हॉटेलच्या ऑपरेटरला खोली नंबर सांगून तुमच्यापर्यंत पोहोचता येतं. 'खाली येऊन बघतो' म्हणा आणि फोन ठेवा. खरंच अडचण असेल तर काउंटरवर कळेल.

बुकिंग ॲपच्या चॅटमधून आलेला मेसेजही खरा असेलच असं नाही. २०२३ मध्ये अनेक देशांतल्या हॉटेलांची बुकिंग डॉट कॉमवरची खाती चोरांनी ताब्यात घेतली आणि ॲपच्या आतूनच पाहुण्यांना 'कार्डाची पडताळणी करा, नाहीतर बुकिंग रद्द होईल' असे मेसेज पाठवले. नाव, तारखा, हॉटेल सगळं बरोबर, फक्त लिंक खोटी. अशा वेळी हॉटेलच्या नंबरवर स्वतः फोन लावून विचारा.

परदेशात जाताना

तीन-चार गोष्टी वेगळ्या आहेत. हॉटेल पासपोर्टची प्रत घेईल, पण मूळ पासपोर्ट मुक्कामभर ठेवून घ्यायला नकार द्या. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाहीत, त्यामुळे ऑफिसशी संपर्काची आणि दुहेरी पडताळणीची सोय निघण्याआधी ठरवा. संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएनचा वापर बंदी असलेल्या गोष्टींसाठी केला तर मोठा दंड होतो. दुबईला जाणाऱ्यांनी फक्त कंपनीचं व्हीपीएन कंपनीच्या कामापुरतं वापरावं. बँकेचे ओटीपी भारतातल्या सिमवर येतात, म्हणून रोमिंगमध्ये एसएमएस मिळतात का ते आधी बघून घ्या, नाहीतर कार्ड बंद करायचीही पंचाईत होते.

चेक-आउटच्या दिवशी

चार्जर, पेन ड्राइव्ह, टीव्हीला लावलेली केबल, उशीखालचा फोन: खोली सोडण्याआधी पलंगावरची चादर एकदा झटका. बारा वाजता खोली सोडून रात्रीची बस असेल तर बॅग काउंटरमागे ठेवायला हरकत नाही, पण लॅपटॉप त्यातून काढून स्वतःजवळ घ्या. की-कार्डवर तुमच्या क्रेडिट कार्डाचा नंबर असतो ही अफवा आहे. त्यावर सहसा खोली आणि मुदतीची माहिती असते. कार्ड निश्चिंत परत करा.

काही गेलंच तर

क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी सहकाऱ्याच्या फोनवरून किंवा घरच्यांकरवी फोन-लॅपटॉप लांबून लॉक करा. मग मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद करा, आणि बँकेला सांगून यूपीआय व कार्ड. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

ऑफिसला त्याच रात्री कळवा. साहेब रागावतील म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार माहितीच्या गळतीसारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. तुमचा उशीर म्हणजे फर्मचा उशीर. लॅपटॉपमध्ये कुणाची माहिती होती आणि डिस्क एन्क्रिप्ट होती का, एवढं तरी सांगता आलं पाहिजे.

हॉटेलच्या मॅनेजरला लेखी अर्ज द्या, त्यात वेळ लिहून सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायची विनंती करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. बहुतेक ठिकाणी जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवं चढतं. नंतर पोलिस ठाणं. चोरी असेल तर 'हरवलं' असं लिहून देऊ नका, चोरीचीच तक्रार द्या. गावी परतल्यावर लक्षात आलं तर तिथल्या ठाण्यातही झिरो एफआयआर (गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी होणारी नोंद) नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती सोय स्पष्टपणे दिली आहे.

तक्रारीची प्रत मिळाली की संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या, हरवलेले फोन बंद करणाऱ्या सीईआयआर विभागात आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा. मग तो देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही. ओटीपीसाठी त्याच नंबरचं नवं सिम आधी घ्यावं लागतं, आणि नवं सिम सुरू झाल्यावर सुरुवातीचे २४ तास एसएमएस बंद असतात, हे गृहीत धरूनच पुढची कामं ठरवा. विनंतीचा क्रमांक पाकिटातल्या त्याच कागदावर लिहून ठेवा. फोन सापडला तर ब्लॉक काढताना तो लागतो.